तेवीस नंबरची पुडी

लतिकाने कॅन उजव्या हाताने उचलला, तेव्हाच शामलाताईंना काहीतरी खटकलं.

पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन होता तो. आत चोवीस तासांची लघवी आणि झाकणाला रबराने बांधलेला वेळांचा कागद. गेल्या तीन महिन्यांत लतिकाने हा कॅन तीनदा भरून दिला होता आणि तिन्ही वेळा न्हाणीघरातून डाव्या हाताने आणला होता, कारण ती पक्की डावखुरी. आज मात्र डावा हात कोपरात मुडपून तिने अंगाशी धरला होता.

“पडली का वं कुठं?” शामलाताईंनी विचारलं.

“नाई जी.”

शामलाताईंनी मोजपात्र काढलं. अठराशे चाळीस मिली. एक बाटली भरली, लतिकाच्या तेवीस नंबरचं लेबल लावलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवली. सतरा वर्षं त्या एका संशोधन संस्थेत घरोघरी जाऊन नमुने गोळा करत होत्या. कधी रक्त, कधी लहान मुलांचं वजन, आणि आता हे. नागपूरच्या महाल भागातल्या या गल्लीत बायका त्यांना समोर शामलाताई म्हणत आणि पाठीमागे लघवीवाली ताई, आणि दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. कुठल्या बाईने एखादी वेळ चुकवून कॅनमध्ये नळाचं पाणी घातलं आहे, हे त्या कॅन हातात घेताच ओळखत. लतिकाने तसं एकदाही केलं नव्हतं.

हात काम करत होते, पण नजर लतिकाच्या ब्लाऊजवर होती. अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज लतिका शिवत असे. दुसऱ्याच्या अस्तराला एवढीशी चुणी पडली तरी पुन्हा उसवून बसणारी ही बाई. आज तिच्या स्वतःच्या हिरव्या ब्लाऊजची डावी शिवण काखेपासून खालपर्यंत उसवलेली होती आणि काळ्या दोऱ्याने कच्चे टाके घालून कशीबशी धरली होती. काळा दोरा आणि हिरवं कापड.

“दार लोटून घे,” त्या म्हणाल्या.

लतिकाने दार लोटलं. मशीनजवळच्या स्टुलावर बसली.

“दत्तजयंतीच्या दिवशी आंघोळ करताना गाठ हाताले लागली,” ती म्हणाली. “चण्याएवढी होती. आता बोराएवढी झाली. काखेत भी रुतून राहिली. कोणाले सांगतलं नाई. दीप्तीच्या बाबालेही नाई.”

दोन महिने झाले होते म्हणजे.

“पण मी घाबरली नाई,” लतिका सांगू लागली आणि तिचा आवाज एकदम हलका झाला. “पुडी चालू आहे नं. एक दिवस चुकवली नाई. तुमीच तर सांगतलं, जवस आहे म्हणून. फक्त आता संपून राहिली, सातच उरल्या. मले अजून दोन महिन्यांच्या आणून द्या, ताई. मॅडमले काही सांगू नका. इरघळते मंग हे.”

शामलाताई उठल्या आणि उगाचच पेटीचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

नोव्हेंबरात याच गल्लीच्या टोकाला, समाजमंदिरात, मुग्धा मॅडमनी साठ बायकांना जमवून सगळं समजावून सांगितलं होतं. मॅडम पुण्याच्या, वय बत्तीस, मनाने सरळ. त्यांनी सांगितलं की जवसात एक पदार्थ असतो, आपल्या आतड्यातले जंतू त्याचं रूप बदलतात, आणि मग तो शरीरातल्या इस्ट्रोजेन नावाच्या स्त्री-रसासारखा थोडासा वागतो. शरीर आपलं इस्ट्रोजेन कसं मोडतं आणि बाहेर टाकतं, त्यात यामुळे फरक पडतो का, हे लघवीत दिसेल. फरक पडला तर पुढे कधीतरी छातीच्या कॅन्सरबद्दल काही कळू शकेल. कदाचित. मॅडमनी ‘कदाचित’ हा शब्द निदान दहा वेळा वापरला, पण तो पहिल्या रांगेच्या पुढे गेलाच नाही. सभा संपून बायका चपला शोधू लागल्या तोवर जवस खाल्लं की छातीचा कॅन्सर होत नाही, असं गल्लीत ठरूनसुद्धा गेलं होतं.

प्रत्येकीला नव्वद पुड्या मिळाल्या, रोज एक. निम्म्यांत भाजलेल्या जवसाची पूड, निम्म्यांत भाजलेल्या गव्हाची. रंग सारखा, जिरं-मीठ सारखं, पाकीट सारखं. कोणाची कुठली, हे मॅडमनाही माहीत नाही आणि शामलाताईंनाही नाही. यादी बंद पाकिटात वरच्या साहेबांकडे. आणि सगळ्यांनी तीन महिने घरचं जवस बंद ठेवायचं. नागपूरच्या घरात जवसाची चटणी बंद म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या माणसाला कळली नव्हती. भाजलेल्या जवसाचा वास जिरं-मिठाने लपत नाही. इथली बाई पाकिटाचा कोपरा फाडते आणि श्वास आत घेण्याआधीच तिला कळलेलं असतं. कागदावर कोणालाच काही माहीत नव्हतं आणि गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. गव्हाच्या बायका दोन दिवस फुगल्या, मग विसरल्या.

फक्त लतिकाला कळलं नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. दूध करपून घर धुराने भरलं तरी दीप्ती ओरडेपर्यंत तिला पत्ता नसे. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात तिने शामलाताईंना आत बोलावलं, फाडलेली पुडी त्यांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, “सांगा नं ताई, माझी कोणती आहे?”

तिची थोरली बहीण सहा वर्षांपूर्वी छातीच्याच कॅन्सरने गेली होती. शेवटचे चार महिने लतिकानेच तिचं सगळं केलं होतं. शामलाताईंनी वास घेतला. गहू. निव्वळ भाजका गहू, सणाच्या लाडवांना भाजतात तसा.

खरं म्हणजे ‘मला सांगता येत नाही’ एवढं म्हणायला हवं होतं. नियमही तोच होता. पण त्या तोंडाकडे पाहून त्यांचा जीव कळवळला आणि त्या म्हणाल्या, “जवस आहे वं. खाय मनापासून.”

त्या दिवशी घरी जाताना त्यांना पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. ते आठवून आता त्यांना स्वतःची चीड आली.

त्या लतिकाला परोपरीने सांगू लागल्या. आधी सोनोग्राफी करू, मी बरोबर येते, सगळ्याच गाठी वाईट नसतात. लतिका मान हलवत राहिली. बहिणीच्या गाठीला तपासायला सुई लावली आणि मग ते अंगभर पसरलं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, असं ती म्हणाली. सुई लावू द्यायची नाही, हे तिचं ठाम होतं. तिच्याकडे दुसरा उपाय होता, आणि तो तिला खुद्द शामलाताईंनीच दिला होता.

शामलाताई स्कूटरवरून सदर भागातल्या ऑफिसात पोचल्या. नमुने फ्रीजमध्ये ठेवून त्या मॅडमच्या टेबलाशी गेल्या. आधी त्यांनी सांगितलं की एका बाईच्या छातीत गाठ आहे. मॅडमनी लगेच फोन लावला आणि दुसऱ्याच दिवशी अकराची वेळ घेऊन टाकली. बाई यायला तयार नाही, पुडीवर विश्वास ठेवून बसली आहे, हेही शामलाताईंनी सांगितलं.

“पण तिची पुडी कुठली ते तिला कुठे माहीत आहे?” मॅडम म्हणाल्या. “आपल्यालाही माहीत नाही. तेच समजवा ना तिला.”

शामलाताईंनी मान डोलावली. जाता जाता, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, की समजा आपल्यापैकी कोणी एखाद्या बाईला पुडीबद्दल काही सांगितलं असेल तर काय होतं? मॅडमनी चष्मा काढला. असं झालं असेल तर त्या माणसाच्या हातून आलेले सगळे नमुने संशयात येतात, त्या म्हणाल्या. आणि साठच्या साठ बायका शामलाताईंच्याच हातच्या होत्या. चार वर्षांचं काम होतं मॅडमचं. एप्रिलपासून पुढचा प्रकल्प सुरू होणार होता आणि त्यात शामलाताईंचं नाव पर्यवेक्षक म्हणून लागणार होतं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा, उन्हातान्हात न फिरता.

“काहून विचारता?” असं मॅडमनी त्यांच्याच बोलीत हसून विचारलं. इतक्या महिन्यांत तेवढा एक शब्द त्या शिकल्या होत्या. शामलाताई ‘काही नाही’ म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

रात्रभर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मनीषनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला, तेव्हा त्यांचे यजमान महादेवराव डोळे चोळत स्वयंपाकघरात आले. “सकाळी सकाळी चटणी कायले करून राहिली?” त्यांनी विचारलं. शामलाताईंनी भाजलेल्या जवसाची पूड डबीत भरली. महादेवरावांना जवस फार आवडे. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि मीठच नाही अशी कुरकुर केली, पण बायकोचा चेहरा पाहून पुढे काही विचारलं नाही.

आठ वाजता त्या लतिकाच्या दारात होत्या. केशव, लतिकाचा नवरा, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेला होता. दीप्ती अकरावीच्या क्लासला. लतिका मशीनवर होती. पुड्या आणल्या का, हाच तिचा पहिला प्रश्न.

“दोन वाट्या दे,” शामलाताई म्हणाल्या. “आणि तुझी एक पुडी.”

लतिकाने वाट्या आणल्या. एका वाटीत शामलाताईंनी आपल्या डबीतली पूड घातली, दुसऱ्या वाटीत तेवीस नंबरची पुडी फोडून ओतली. दोन्हींत पेलाभर पाणी घालून चमच्याने ढवळलं. मग त्या खाली बसल्या.

“हे का करून राहिल्या?”

“थांब जरा.”

दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा इतका सावकाश फिरतो हे शामलाताईंना कधी माहीत नव्हतं. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. अजूनही उठावं, वाट्या मोरीत ओताव्या आणि मॅडम म्हणतात तेवढंच सांगून निघावं, असं दोनदा मनात आलं. आपल्यालाही माहीत नाही. किती सोपं वाक्य होतं. पण तेवढ्याने ही बाई जागची हलणार नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘माहीत नाही’ या शब्दांत तिने आशा शोधली असती.

“बोटं घाल,” त्या शेवटी म्हणाल्या. “आधी माझ्यात.”

लतिकाने डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या वाटीत बुडवली. बोटं वर आली ती बुळबुळीत होऊन, मागे लांब तार घेऊन. भिजलेलं जवस असंच होतं, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. मग तिने बोटं पदराला पुसली आणि दुसऱ्या वाटीत घातली. वर गढूळ पाणी होतं, खाली पीठ बसलं होतं. तिने ते पीठ अंगठ्याखाली चोळलं. पुन्हा चोळलं. कापडाचा पोत डोळे मिटून ओळखणारी बोटं होती ती, त्यांना फसवणं शक्य नव्हतं. तीन महिने ती पुडीची फक्की मारून वर पाणी प्यायली होती. भिजवून पाहायची वेळच आली नव्हती.

“हे जवस नाई,” ती म्हणाली.

“नाही.”

“चुकून आली का एखादी?”

“चुकून नाही. सगळ्याच गव्हाच्या आहेत. तू नाकाखाली धरली त्या दिवशीच मले समजलं होतं. मी खोटं बोलली.”

शामलाताईंना वाटलं की ती ओरडेल, वाटी फेकेल, निदान रडेल. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती दुसऱ्या वाटीतलं पीठ चोळत राहिली.

“पोरगी रोज चटणी मागे,” ती म्हणाली. “मी घरात जवसाचा दाणा येऊ दिला नाई. तुमी सांगतलं होतं म्हणून.”

“हो.”

“काहून केलं असं?”

“तुझ्या तोंडाकडं पाहून जीव तुटला वं.”

लतिकाने मान वर केली. “माझ्या तोंडाकडं पाहून खरं सांगाचं होतं, ताई.”

खरी पुडी मिळाली असती तरी गाठ विरघळली नसती, जवस म्हणजे औषध नव्हे, मॅडमनाही अजून काही ठाऊक नाही, हे शामलाताईंनी सांगितलं. पण ते बोलताना त्यांना स्वतःलाच आपल्या शब्दांची लाज वाटत होती. आता त्यांच्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा? त्यांनी मॅडमच्या हातची चिठ्ठी मशीनवर ठेवली. अकराची वेळ, डॉक्टरांचं नाव, खोलीचा नंबर.

लतिकाने चिठ्ठी वाचली. हात धुतले. कपाटातून दुसरा ब्लाऊज काढला, उलटा करून डावी शिवण पाहिली आणि कात्रीच्या टोकाने ती उसवायला बसली. “मी ह्यायले फोन लावते,” ती म्हणाली. “तुमी नका येऊ.”

शामलाताई गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून उभ्या राहिल्या. साडेदहाला केशव घाईघाईने आला आणि दहा मिनिटांनी दोघं ऑटोत बसून गेले. लतिकाने त्यांना पाहिलं होतं, पण मान फिरवली. ऑटो वळल्यावर मगच त्यांनी स्कूटर सुरू केली.

सदरला त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. आधी तोंडी, मग लिहून. मॅडमना लतिकाशी बोललेल्या खोट्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला. “वासावरून?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. “सगळ्यांना? पहिल्या दिवसापासून?” मग त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्या रागावल्या नाहीत, आणि शामलाताईंना ते फार जड गेलं. पुढे समिती बसेल, काय ठेवायचं काय टाकायचं ते ठरेल, असं त्या म्हणाल्या. शामलाताईंनी उद्यापासून यायचं नाही, हे मात्र ठरवायला समिती नको होती. बर्फाची पेटी, ओळखपत्र आणि मोजपात्र त्यांनी टेबलावर ठेवलं. मोजपात्र घरून धुऊनच आणलं होतं.

गाठ वाईटच निघाली. काखेतही थोडं गेलं होतं. दोन महिने आधी आली असती तर, असं काहीतरी डॉक्टर बोलल्याचं मॅडमनी फोनवर सांगितलं. होळीनंतर ऑपरेशन झालं. डावी बाजू काढावी लागली. शामलाताई एकदा दवाखान्यापर्यंत गेल्या, खालच्या बाकावर तासभर बसल्या आणि परत आल्या. वर जायची हिंमत झाली नाही. घरी महादेवरावांनी ताटात चटणी मागितली तर त्या उठून बाल्कनीत जात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दीप्तीचा फोन आला. आई विचारते, तुम्ही दुपारी येऊ शकता का, एवढंच.

दार उघडंच होतं. मशीनवर नुकताच शिवून झालेला हिरवा ब्लाऊज पडला होता. डावीकडे आतून कापडाची गादी शिवून घातली होती, टाके इतके बारीक की उलटा केल्याशिवाय दिसू नयेत. शामलाताईंनी त्याला हात लावला नाही. आत स्वयंपाकघरात लतिका गॅससमोर उभी होती, डोक्याला सुती रुमाल, अंगात सैल गाऊन. चेहरा निम्मा झाला होता. कढईत नवं जवस होतं, आणि उजव्या हाताने, जरा अवघडत, ती उलथनं फिरवत होती.

“बसा” म्हणाली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

“पोरीले चटणी पाहिजे,” ती म्हणाली. “ते कॉलेजात गेली. माझ्या नाकाले समजत नाई. वास घेऊन सांगा, झालं का.”

शामलाताई जवळ गेल्या. कढईवर वाकल्या. जवस तडतडायचं थांबलं होतं आणि तळाचे दाणे काळपट पडले होते. खमंग वास केव्हाच निघून गेला होता, आता कडवट धूर येत होता. त्यांनी लतिकाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती गॅसपाशी उभी असावी. एवढा वेळ उभं राहून तिने हे भाजलं होतं.

“करपलं, लतिका,” त्या म्हणाल्या. “कडू होईल. फेकावं लागते.”

लतिकाने गॅस बंद केला. कढई उचलायला शामलाताईंनी हात पुढे केला तो तिने बाजूला सारला आणि सगळं जवस स्वतःच कचऱ्याच्या डब्यात ओतलं. कढई पुसली. डब्यातून दोन मुठी नवं जवस घेतलं, कढईत टाकलं आणि गॅस पुन्हा पेटवला, या वेळी बारीक.

“आता तिथंच उभ्या राहा,” ती म्हणाली. “आणि सांगत राहा.”